प्रूफ उभ्या मॉनिटरवर

दिवाळी अंकाचं काम अंगावर घेतलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर सप्टेंबरात काय काय उघडं असतं, ते बघून आमच्याकडे नव्याने आलेली मुलं हसतात. पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये अंकाची पानं. लेखकाची मूळ वर्ड फाइल, कारण शंका आली की मूळ मजकूर बघावा लागतो. मुद्रितशोधकांनी खुणा केलेली पीडीएफ, म्हणजे प्रूफ. त्याआधीच्या वाचनाची पीडीएफ, कारण आता सांगितलेली दुरुस्ती मागेच झाली होती आणि कोणीतरी ती परत फिरवली, असा संशय असतो. मेल. व्हॉट्सअ‍ॅप, कारण कविता हल्ली तिथेच येतात. जाहिरातींचं एक्सेल. एखाद्या जाहिरातदाराचा लोगो, जो वर्डमध्ये चिकटवून पाठवलेला असतो आणि म्हणूनच छपाईच्या कामाचा नसतो. शब्दकोश. आणि श्रीलिपी या जुन्या फाँट-पद्धतीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर, कारण जुन्या अंकातली एखादी कथा पुन्हा घ्यायचं ठरलेलं असतं आणि ती फाइल साध्या फाँटमध्ये उघडली की नुसता कचरा दिसतो.

यावर सगळ्यांचा सल्ला एकच असतो: अजून एक मॉनिटर घ्या. मी घेतला. माझ्या टेबलावर आता लॅपटॉप आहे, त्याच्यामागे जरा उंचावर २४ इंची आडवा मॉनिटर आहे आणि डाव्या हाताला तसाच एक, पण उभा फिरवलेला. एवढं सगळं मांडून बसल्यावर माझं मत असं झालंय की नुसत्या वाढीव जागेने काही होत नाही. जागा वाढली की विंडो वाढतात, आणि शोधाशोध तेवढीच राहते. फक्त आता मानही वळवावी लागते. जास्तीच्या मॉनिटरचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्याच्यामुळे एखाद्या गोष्टीला कायमचं ठिकाण देता येतं.

शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हाचा कंपोझिटर, म्हणजे ते खिळे जुळवणारा माणूस, केसकडे, म्हणजे खिळे ठेवायच्या घरांच्या पेटीकडे, फारसा बघत नसे. देवनागरीच्या केसमध्ये अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या यांची शेकड्यांनी घरं. डोळे हस्तलिखितावर असायचे आणि हात आपोआप 'क्ष'च्या घरात जायचा. कोणी रात्रीतून चार घरांची अदलाबदल केली असती, तर केस कितीही मोठी आणि नीटनेटकी असली तरी सकाळी त्याचं काम अडलं असतं. विंडोंचं हेच आहे. टेबल टापटीप दिसण्याशी मला कर्तव्य नाही. मान डावीकडे वळवली की प्रूफ दिसलं पाहिजे, दर वेळी, न चुकता.

म्हणून प्रूफ उभ्या मॉनिटरवर. तिथे दुसरं काही जायचं नाही. आडव्या मॉनिटरवर अख्खं पान बघायला गेलं तर अक्षर बारीक होतं, आणि अक्षर मोठं केलं तर अर्धंच पान दिसतं. उभ्यावर डोक्यापासून तळापर्यंत पान एका नजरेत येतं. रकान्याच्या तळाला परिच्छेदाची एकटीच राहिलेली पहिली ओळ, शेजारच्या रकान्याशी न जुळलेली चित्राची कड, हे दोष मजकूर वाचताना सापडत नाहीत. पान समोर अख्खं उभं राहिलं की ते आपणहून दिसतात. ज्यांना असा मॉनिटर करायचा असेल त्यांनी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. एक म्हणजे पाठीला १०० बाय १०० मिलिमीटरवर चार स्क्रूची भोकं असावीत, म्हणजे कोणताही फिरता स्टँड बसतो. दुसरं, पॅनेल, म्हणजे मॉनिटरचा पडदा, आयपीएस जातीचं असावं. स्वस्तातलं टीएन पॅनेल उभं केलं की डाव्या आणि उजव्या डोळ्याला रंग वेगवेगळे दिसतात आणि तासाभरात डोकं चढतं.

समोरच्या आडव्या मॉनिटरवर इनडिझाइन आणि त्याला लागून मूळ मजकूर. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपच्या स्क्रीनवर, म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात खाली. हे मुद्दाम केलंय. तिकडे बघायला मान वाकवावी लागते, त्यामुळे आपण कमी बघतो.

इथवर सरळ आहे. पण एक अंक म्हणजे एकच काम नसतं. मजकूर, पानं, जाहिराती आणि हिशेब ही चार वेगळी कामं आहेत. प्रत्येकाच्या विंडो वेगळ्या, प्रत्येकातला ताप वेगळा. तीन काय, पाच मॉनिटर लावले तरी चारही कामं एकदम पसरता येणार नाहीत, आणि पसरूही नयेत. पानं लावताना जाहिरातीचं एक्सेल डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत राहिलं की हात चालत नाही. इथे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर आलटूनपालटून वापरायचे वेगवेगळे डेस्कटॉप, कामाला येतात. विंडोजमध्ये ही सोय २०१५ साली विंडोज १० बरोबर आली. कंट्रोल-विंडोज-डी दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप, कंट्रोल-विंडोज आणि बाण दाबला की या डेस्कटॉपवरून त्या डेस्कटॉपवर. त्यांना नावंही देता येतात. माझी नावं साधीच आहेत: मजकूर, पानं, जाहिराती, हिशेब.

मध्यंतरी एक ज्येष्ठ लेखक आपल्या लेखाचं शेवटचं प्रूफ स्वतः बघायला आले. वयाने मोठे, शब्दाला पक्के. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि उभ्या मॉनिटरवर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. तेवढ्यात एका जाहिरातदाराचा फोन आला, म्हणून मी बाण दाबून जाहिरातींवर गेले. दोन्ही मॉनिटर बदलले.

"अहो ताई, माझा लेख गेला!"

"गेला नाही सर, शेजारी आहे."

"शेजारी कुठे? ह्या मशीनवर की त्या?"

"ह्याच मशीनवर. आत्ता दिसत नाहीये एवढंच."

"दिसत नाही म्हणजे गेलाच की," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि चहा मागवा म्हणाले.

सरांच्या त्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉप बदलला की सगळे मॉनिटर एकदम बदलतात. जेवढे मॉनिटर असतील त्या सगळ्यांना मिळून तो एक डेस्कटॉप धरतो. काम पूर्ण बदललं असेल तेव्हा हे ठीक आहे. पण बऱ्याच वेळा काम पूर्ण बदलत नाही. दोन मिनिटांसाठी जाहिरात बघायची असते, आणि तेवढ्यात डावीकडचं प्रूफ जागचं हलायला नको असतं. यावर विंडोजमध्ये एक तोडगा आहे. विंडोज-टॅब दाबून टास्क व्ह्यू, म्हणजे सगळ्या विंडो आणि डेस्कटॉप एकदम दाखवणारा पडदा, उघडायचा, प्रूफच्या विंडोवर राइट क्लिक करायचं आणि ती विंडो सगळ्या डेस्कटॉपवर दाखव असं सांगायचं. मग तुम्ही कुठेही जा, उभ्या मॉनिटरवर प्रूफ स्थिर राहतं. सर यायच्या आधीही मी हे करायची, पण त्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळी पीडीएफ उघडली होती. नवी विंडो, नवी खूण. ही खूण विंडोगणिक करावी लागते, हाच या तोडग्याचा कंटाळा.

आमचं मुखपृष्ठ करणारा मुलगा मॅकवर बसतो. तिथे २०१३च्या मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून प्रत्येक मॉनिटरचे डेस्कटॉप स्वतंत्र ठेवता येतात. उजवीकडचा बदलला तरी डावीकडचा जागेवर राहतो. बदल्यात एकच विंडो दोन मॉनिटरवर अर्धी-अर्धी पसरता येत नाही. मला हा सौदा चालेल. पण मॅकमध्ये आणखी एक सेटिंग आहे, आणि ते मुळात चालूच असतं: नुकतं वापरलं त्याप्रमाणे डेस्कटॉपचा क्रम आपोआप लावणं. म्हणजे सकाळी डावीकडून दुसरा असलेला डेस्कटॉप दुपारी तिसरा. ज्याने कोणी हे सुचवलं त्याला मी एक दिवस कंपोझिटरच्या केसपुढे बसवीन. नवा मॅक घेतला की हे सेटिंग आधी बंद करावं आणि मग पेढे वाटावेत.

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉप प्रणालीत तिसरीच तऱ्हा आहे. मुख्य मॉनिटर तेवढा बदलतो, बाकीचे आहेत तसे राहतात. माझ्या कामाला ही रचना सगळ्यात जवळची वाटते. एक जागा बदलती, एक न बदलणारी. मुळातूनच तशी, प्रत्येक विंडोला खुणा करत बसायला नको. पण इनडिझाइन लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे हे नुसतं बघून हळहळायचं.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं की झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात, म्हणजे 'पार्क'मध्ये (PARC), आपण जाऊन पोहोचतो. ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी १९८६ साली 'रूम्स' नावाच्या प्रणालीवर एक निबंध लिहिला. त्यांचा विचार मला फार आवडतो, कारण त्यांनी सुरुवात नीटनेटकेपणापासून केली नाही. त्यांनी जे कोडं धरलं ते कॉम्प्युटरच्या मेमरीचं होतं. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी मांडलं होतं की कोणताही प्रोग्रॅम आपली सगळी मेमरी एका वेळी वापरत नाही. काही काळ तो थोडक्याच भागात घुटमळतो, मग दुसऱ्या भागाकडे सरकतो. त्या थोडक्या भागाला पुरेल एवढी मेमरी मिळाली तर काम सुरळीत चालतं. नाही मिळाली, तर मशीनचा सगळा वेळ मेमरीतलं एक बाहेर काढून दुसरं आत आणण्यात जातो आणि प्रत्यक्ष काम होतच नाही.

हेंडरसन आणि कार्ड म्हणाले, माणूसही विंडोंशी हेच करतो. काही वेळ चार-पाच विंडोंमध्ये घुटमळतो, मग काम बदलतं आणि दुसऱ्या चार-पाचांकडे जातो. स्क्रीन त्या चार-पाचांना पुरली नाही की माणूस नुसत्या विंडो हलवत बसतो. ही वर, ती खाली, ती बाजूला. उपाय म्हणून प्रत्येक कामाच्या विंडोंची एक वेगळी खोली करा. खोलीतून खोलीत जायला दारं. एखादी गोष्ट प्रत्येक खोलीत हवी असेल तर ती खिशात ठेवा. एखादी फक्त या फेरीपुरती न्यायची असेल तर ती सामान म्हणून सोबत घ्या. आणि सगळ्या खोल्या एकदम बघायला एक नकाशा. टास्क व्ह्यूमध्ये आज जे छोटे-छोटे डेस्कटॉप ओळीने दिसतात, ती कल्पना तिथे होतीच.

त्यांच्याकडे एक गोष्ट अशी होती जी माझ्या विंडोजवर अजून नाही. तीच विंडो दोन खोल्यांत ठेवता यायची, आणि प्रत्येक खोलीत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या आकारात. मला शब्दकोश मजकुराच्या डेस्कटॉपवर मोठा हवा आहे, पानांच्या डेस्कटॉपवर कोपऱ्यात छोटा हवा आहे आणि जाहिरातींवर नको आहे. विंडोज म्हणतं, एका ठिकाणी ठेवा नाहीतर सगळीकडे ठेवा. मधलं काही नाही. निबंधाला आता चाळीस वर्षं होत आली.

आमचं खरं भांडण बहुधा इथेच आहे. आपण कामाप्रमाणे विचार करतो आणि मशीन प्रोग्रॅमप्रमाणे. वर्डच्या सात फाइली उघड्या असतील तर टास्कबार त्या एका बटणाखाली घालतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या एकाच जातीच्या. माझ्या दृष्टीने त्यातली एक कथा आहे, एक जाहिरातीचा मजकूर आहे आणि एक छापखान्याला द्यायचं पत्र आहे. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. त्या कथेचा संबंध तिच्या पीडीएफशी आहे आणि ज्या मेलमधून ती आली त्या मेलशी आहे. २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा बटणं वेगवेगळी ठेवायची सोयच काढून टाकली होती. लोकांनी इतका धोशा लावला की २०२३मध्ये ती परत द्यावी लागली. धोशा लावणाऱ्यांत मी नव्हते, पण मनाने त्यांच्यात होते.

आता लाइटबद्दल. आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. लाइट गेली की दोन्ही मॉनिटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू. कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटर उपटून नेले. मग तो तिथल्या सगळ्या विंडो उचलून लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणून टाकतो, एकावर एक. त्याच्या बाजूने बघितलं तर त्यात गैर काही नाही. मॉनिटरच नसेल तर विंडो दाखवणार कुठे? कोपरे एकमेकांबाहेर डोकावतायत आणि सगळ्यात वर नेमकं व्हॉट्सअ‍ॅप, असा तो ढीग असतो. पूर्वी लाइट परत आली तरी तो ढीग तसाच राहायचा. एकेक विंडो ओढून आपल्या जागी न्यायची, तिचा आकार पुन्हा जुळवायचा, इनडिझाइनची पॅनेल, म्हणजे साधनांच्या छोट्या चौकटी, शोधायची. एकदा तर एक पॅनेल कुठेच दिसेना. ते उभ्या मॉनिटरच्या जागी होतं, आणि उभा मॉनिटर अजून उजळला नव्हता. अशी विंडो स्क्रीनबाहेर अडकली तर टास्कबारवर तिच्यावर जाऊन विंडोज-शिफ्ट आणि बाण दाबावा, ती दुसऱ्या मॉनिटरवर उडी मारते. पॅनेलला मात्र टास्कबारवर बटण नसतं, तिथे इनडिझाइनमध्ये जपून ठेवलेली वर्कस्पेस, म्हणजे पॅनेलांची मांडणी, पुन्हा लावणं हाच मार्ग.

लाइट न जाताही हे व्हायचं. डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये मॉनिटर जागेवर आहे की नाही हे सांगणारी एक पिन असते. मॉनिटर बटणाने बंद केला, किंवा काही मॉनिटर नुसते झोपी गेले, तरी ती पिन 'गेला' असं कळवते. म्हणजे जेवायला उठताना वीज वाचवावी म्हणून मॉनिटर बंद करणाऱ्या सद्गृहस्थाला परत आल्यावर शिक्षा. जुन्या व्हीजीए केबलच्या काळात हा उपद्रव फारसा जाणवायचा नाही. विंडोज ११मध्ये यावर इलाज आला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अनेक मॉनिटरांच्या भागात दोन चौकटी आहेत. एकीने मॉनिटरप्रमाणे विंडोंच्या जागा लक्षात ठेवल्या जातात. दुसरीने मॉनिटर गेला की त्याच्यावरच्या विंडो ढिगात न पडता मिनिमाइझ होतात. दोन्ही चालू ठेवाव्यात. आता गुरुवारी लाइट आली की आधी पंखा फिरतो, मग आडवा मॉनिटर लागतो, मग उभा, आणि प्रूफ आपण होऊन डावीकडे जाऊन बसतं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मुलांना त्यात विशेष काय ते कळलं नाही. त्यांनी ओढाओढीचे गुरुवार बघितलेले नाहीत.

बारीकसारीक त्रास आणखी आहेत. आडवा आणि उभा मॉनिटर उंचीला सारखे नसल्यामुळे माउसचा बाण काठावर अडतो. सेटिंगमध्ये त्यांच्या चौकोनांच्या कडा ओढून टेबलावरच्या उंचीप्रमाणे लावल्या की बरंच सुसह्य होतं. लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, १५० टक्के आणि मॉनिटरचं १०० टक्के असेल तर विंडो एकीकडून दुसरीकडे नेताना मधेच फुगते किंवा आक्रसते. याची सवय होते.

जाहिराती बघणारा आमचा सहकारी मात्र या सगळ्याला हसतो. त्याच्याकडे एकच १४ इंची लॅपटॉप, माउससुद्धा नाही. सगळं पूर्ण स्क्रीनवर, आणि या विंडोतून त्या विंडोत जायला ऑल्ट-टॅब. "ताई, तुम्हाला मान किती वळवावी लागते," म्हणतो. त्याचं काम माझ्यापेक्षा भराभर होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याला एका वेळी दोनच विंडो लागतात, एक्सेल आणि मेल. दोन विंडोंसाठी ऑल्ट-टॅबसारखं काही नाही, कारण एकदा दाबलं की ही, पुन्हा दाबलं की ती. तिसरी आली की क्रम बिघडतो आणि पाचवी आली की आपण नुसते टॅब मोजत बसतो. म्हणून कोणी मला विचारलं की किती मॉनिटर घेऊ, तर मी आधी विचारते की हातातलं एक काम करताना एकाच वेळी काय काय डोळ्यांसमोर लागतं. सगळ्या दिवसाची यादी नको, एका कामाची सांग. ती दोनावर थांबली तर पैसे वाचव, आणि चांगली खुर्ची घे.

डेस्कटॉपही चाराच्या वर जाऊ देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. टास्कबार त्या-त्या डेस्कटॉपच्याच विंडो दाखवतो, ऑल्ट-टॅबही मुळात तेवढ्याच दाखवतो. त्यामुळे सहाव्या डेस्कटॉपवर राहिलेलं काम कुठूनच डोकावत नाही, आणि सरांच्या हिशेबाने ते गेलेलंच असतं.

अंक छापखान्यात गेला की मी डेस्कटॉप बंद करायला घेते. मजकूर जातो, पानं जातात. कंट्रोल-विंडोज-एफ४ दाबलं की डेस्कटॉप नाहीसा होतो, पण त्यावर काही उघडं राहिलं असेल तर ते बंद होत नाही, शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतं. जाहिरातींचा डेस्कटॉप बंद केला की त्यातलं एक्सेल हटकून मागे उरतं आणि हिशेबाच्या विंडोंमध्ये जाऊन बसतं. त्यात पिवळ्या रंगाच्या ओळी असतात, येणं बाकी असलेल्यांच्या. मग फोन हातात घ्यायचा आणि पहिल्या पिवळ्या ओळीपासून सुरुवात करायची. अंक बघितलात का, जाहिरात छान आलीये, हे आधी बोलायचं. पैशांचं त्यानंतर.